बेवारस तुकडा

१

रोह्याहून पेणला पांढऱ्या झाकणाच्या बादलीतून मालूबाईचा उजवा स्तन आला. कॅन्सर आहे म्हणून कापलेला. डॉक्टर हैबतराव अधिकाऱ्यांनी त्याचे बावीस तुकडे केले, बावीस काचा भिंगाखाली घातल्या आणि बाविसावी बघून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला.

कॅन्सर कुठेच नव्हता. नखाएवढासुद्धा नाही.

महिन्यापूर्वी याच खोलीत, याच भिंगाखाली, याच डॉक्टरांनी मालूबाईच्या गाठीचा तुकडा बघून 'कॅन्सर' असं लिहून सही ठोकली होती. त्या सहीवर विसंबून रोह्याच्या सर्जननं सुरी चालवली. आता सही खोटी म्हणावी, की बादली?

अशा वेळी शहाणा माणूस वकील गाठतो. हैबतरावांनी रोह्यालगतच्या अष्टमी गावी निरोप धाडला आणि दीनाबाई अष्टमकरांना बोलावलं.

दीनाबाईंनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात चौतीस वर्षं हेच काम केलं होतं. तुकडा फॉर्मालीनमध्ये मुरवायचा, स्पिरिटात सुकवायचा, मेणात गाडायचा. मेणाच्या ठोकळ्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचे, रंगवायचे. त्यावर डॉक्टर एक ओळ लिहितो आणि बाईचं नशीब ठरतं. हैबतराव शिकाऊ होते तेव्हा काच उलटी धरली म्हणून याच बाईंनी त्यांच्या बोटांवर पट्टी हाणली होती. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या. वडखळ नाक्यावर कुणी बोंबील तळला तर तो ताजा की परवाचा, हे अष्टमीच्या ओटीवर बसून सांगतात, अशी त्यांच्या नाकाची ख्याती. निम्मी खोटी धरा. उरलेल्या निम्म्यावरही दोन कारकून पोसले जातील.

सकाळच्या गाडीनं बाई पेणला उतरल्या. प्रयोगशाळेच्या दारात बाकड्यावर एक माणूस बसला होता. अंगावर कंपनीचा निळा सदरा, हातात घड्या पडलेला कागद.

"मालूबाईचे मालक, दिनानाथ," हैबतराव आत नेता नेता पुटपुटले. "धाटावच्या कंपनीत आहेत. चार दिवस शिफ्ट सोडून इथेच बसतात. उद्या पोलिसात जाणार. कुणावर फिर्याद करायची, तेवढं नाव मागतायत."

"आणि तुम्ही कुणाचं देणार?"

"काप निसीम काढतो. काचा अदलाबदल त्यानंच केल्या असणार. त्याला घरी बसवलाय."

दीनाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "हैबतराव, चूक कुणाची ते उद्या बघू. आधी मला सांगा, त्या काचेवर तुम्हांला कॅन्सर दिसला ना?"

"दिसला. शपथेवर सांगतो."

"मालूबाईचा नाही म्हणता?"

"नाही."

"मग तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे. ती बाई आज कुठेतरी भात झोडत असेल, नाहीतर नातवाला न्हाऊ घालत असेल. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. महिना गेला, हैबतराव. ती कोण?"

हा प्रश्न डॉक्टरांना चार दिवसांत पडलाच नव्हता.

२

बाईंनी मालूबाईची काच भिंगाखाली सरकवली. काचेवर तीन काप होते. दोन मधोमध, जुळ्या बहिणींसारखे. तिसरा कोपऱ्यात, जरा तिरका, पंगतीत आगंतुक येऊन बसावा तसा. कॅन्सर होता तो फक्त या तिसऱ्यात.

"ठोकळा आणा मालूबाईचा."

ठोकळा आला. बाईंनी पदर खोचला, मायक्रोटोमच्या, काप काढायच्या यंत्राच्या, पात्यावर बोट न लावता धार बघितली आणि चाक फिरवून स्वतः नवे पंधरा काप काढले. रंगवून घेतले, बघितले. पंधराही काप निर्मळ.

"पाहुणा आहे हा," बाई म्हणाल्या. "वॉटरबाथमधला."

काप तरंगवायचं ते काळं भांडं प्रत्येक ठोकळ्यानंतर कागदानं पुसून घ्यायचं असतं. नाहीतर आधीच्याचा एखादा पापुद्रा पाण्यात राहतो आणि पुढच्याच्या काचेला गुपचूप चिकटतो. हा रोग जगातल्या सगळ्या प्रयोगशाळांना आहे.

"मग सोपं आहे!" हैबतरावांच्या अंगात जीव आला. "तिच्याआधी कुणाचा ठोकळा कापला ते वहीत बघू."

वहीत बघितलं. मालूबाईचा ठोकळा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापलेला, आणि त्या दिवशीचा तो पहिलाच. त्याआधी खंडेनवमी आणि दसरा, दोन दिवस काम बंद. त्याच्याही आधीच्या आठवड्यातले सगळे ठोकळे बाईंनी काढायला लावले. नऊ होते. दुपार होईपर्यंत नऊही बघून झाले. एकात अपेंडिक्स, एकात गर्भाशय, दोनांत स्तनाच्या साध्या गाठी, बाकी किरकोळ. कॅन्सर एकातही नाही.

म्हणजे वहीत नोंद नसलेला, नंबर नसलेला, कुणाचाच नसलेला तुकडा. बेवारस.

बाईंनी पुन्हा तीच काच लावली. काप जाडा होता, भाकरीच्या पदरासारखा. निसीमचे काप असे नसतात, तो झिरझिरीत कापतो. तिरक्या कापाच्या कडेला एक बारीक ओरखडा होता. पात्याच्या धारेवर काही कचरा असला की असा ओरखडा उमटतो. बाईंनी ओरखड्याचा माग काढत काच सरकवली आणि शेवटाला थांबल्या. तिथे एक पिवळसर गोळा रुतून बसला होता. गोल, आणि सगळ्या अंगाला काटे.

बाईंनी काच पुन्हा मागेपुढे सरकवून बघितली.

"काय आहे?" हैबतरावांनी विचारलं.

"बघा. तुमचे डोळे अजून शाबूत असतील तर."

डॉक्टर वाकले. "परागकण? उडून पडला असेल."

"उडून पडता तर वर बसता, आणि काचेवर कुठेही बसता. हा फक्त पाहुण्याच्या अंगात आहे, आणि ओरखड्याच्या टोकाला. म्हणजे तो पात्याच्या धारेवर होता." बाईंनी चष्मा पुसला. "झेंडूचा आहे, हैबतराव. तुमच्या प्रयोगशाळेत झेंडू केव्हा आला होता?"

३

झेंडू वर्षातून एकदाच येतो. खंडेनवमीला.

त्या दिवशी पेणमध्ये सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, मूर्तिकाराची कोरणी, सगळ्यांना सुट्टी. हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू, फूल वाहायचं आणि दसरा होईतो हात लावायचा नाही. प्रयोगशाळेतही तोच रिवाज. दुपारी बाराला मायक्रोटोमचं लांब पोलादी पातं काढून लाल कापडावर ठेवतात, शेजारी कात्र्या, चिमटे. वॉटरबाथमध्ये नवं पाणी भरून त्यालाही कुंकवाचं बोट. मग पेढा खाऊन सगळे घरी.

आणि नेमकं त्या दोन दिवसांत, पूजेतलं पातं उचलून, कुणीतरी काप काढले होते.

किल्ल्या चौघांकडे. हैबतराव नवमीच्या सकाळीच अलिबागला सासुरवाडीला गेलेले; वीस जणांनी त्यांना तिथे जेवताना बघितलेलं. उरले तिघे.

पहिला केरू. वरकाम, पाणी, कचरा, रोह्याहून बाटल्या आणणं, सगळं त्याच्याकडे. वय पन्नाशीचं, नाक लाल.

"मी यंत्राला शिवत नाय, बाय," त्यानं आधीच हात वर केले. "त्याचं चाक फिरवला तर माझीच बोटां काचेवर जातील. नवमीला पानी भरला, नवा कोरा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी फुलां काढली, भोगावतीत सोडली. बस."

"पाणी बदललं नाहीस?"

"कशाला? दोन दिस कोन शिवला होता त्याला?" मग आवाज उतरवून म्हणाला, "हितं समद्यांचा भार माझ्यावरच. आदी कृष्णाबाई फॉर्मालीनचा क्यान एका हातानं उचलायची. दसऱ्यापासून तेबी माझ्याच बोडक्यावर. 'केरू, उचल रं.' मी काय बैल हाय?"

दुसऱ्या कृष्णाबाई. काचा रंगवायचं आणि वही लिहायचं काम अठरा वर्षं त्यांचं. पंचेचाळिशीच्या, विधवा, कपाळ मोकळं, बोटांची टोकं रंगानं कायमची गुलाबी. डोळे लाल, पाणावलेले. पण त्या खोलीत सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असतात. फॉर्मालीनच्या वाफेत कोण रडतंय आणि कोणाला नुसतं झोंबतंय, हे देवालाही कळायचं नाही.

"पूजा मीच मांडते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरात मी विळीसुद्धा पाटावर ठेवते. भाजी हातानं मोडून करते. पात्याला शिवायचं तर लांबच."

"आणि निसीम?"

"ते इस्रायली, ते पाळत नाहीत. पण करू देतात. गेल्या वर्षी मात्र तंडले मी त्यांच्याशी. दसऱ्याच्या सकाळीच येऊन पात्यावरचं कुंकू झायलीननं पुसून मोकळे! म्हटलं, उत्तरपूजा नाही, अक्षता नाहीत, असं पुसतात होय? तर म्हणे, 'कृष्णाबाई, धारेवर कुंकू म्हणजे गंज.' यंदा बजावून ठेवलं होतं, मी अक्षता टाकल्याशिवाय पुसायचं नाही."

"पुसलं नाही?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अक्षता टाकल्या, मगच पुसलं."

तिसरा निसीम वाक्रुळकर. त्याला घरून बोलावलं. छपन्न वर्षांचा माणूस दाराशी पोरासारखा उभा राहिला, दीनाबाईंच्या पायाकडे बघत.

"दीनाबाय, मी काचा बदलल्या नाहीत."

"ठाऊक आहे. पाणी पुसलं होतंस, पहिला ठोकळा लावण्याआधी?"

निसीमनं मान खाली घातली. "नाय. दोन दिवस बंद होतं. नवं पाणी होतं. वाटलं, स्वच्छच असणार."

"वाटलं," बाई म्हणाल्या. बाकी काही नाही. पण त्या एका शब्दानं निसीम चार इंच खचला.

तो बाहेर गेल्यावर हैबतरावांनी दार लोटलं. "आता तरी पटलं? नवमी न मानणारा इथे एकच. पातं चालवता येणारा एकच. आणि एक सांगू? त्याची बायको रेचल दसऱ्यानंतर आठ दिवसांत इस्रायलला गेली. लेकीचं बाळंतपण म्हणे. बायकोची गाठ त्यानं नोंद न करता चोरून कापली, कॅन्सर बघितला आणि तिला तिकडे उपचाराला धाडली. इथे मालूबाई गेली बळी!"

दीनाबाईंनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. रेचल त्यांच्या चुलतभावाची मुलगी होती, आणि हैबतराव म्हणाले ते सगळं जुळत होतं.

४

दुपारच्या गाडीनं बाई परत रोह्याला गेल्या. कासू गेलं, नागोठणं गेलं. बाई खिडकीशी बसून मनात काप जुळवत होत्या. रेचल असेल तर एक बरं, तिच्यावर तिकडे उपचार होतील. असं मनात आलं आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली. आपल्या माणसाचं निघावं अशी इच्छा कधी कुणी करतं?

सर्जन पुण्याला गेलेले. इस्पितळात सरू आया होती. मलमपट्टीपासून बाळंतिणीच्या शेकापर्यंत सगळं तिच्या हाताखालचं. वही काढायची तिनं बरीच कुरकुर केली, मग काढली.

नवमीच्या आधीच्या आठवड्यात स्तनाच्या गाठी काढलेल्या बाया चार. पेणच्या वहीत होत्या तीन, मालूबाई धरून. चौथीचं नाव 'सीताबाई, राहणार कासू'. पुढे शेरा: 'तुकडा पेशंटच्या हाती दिला.'

"ही सीताबाई कशी होती गो?"

"तोंडावरनं पदर. डोळे तेवढे दिसलं. इंजेक्शन दिल्याव हूं की चूं केलं नाय. आन् एक नवलच, मावशे. मी बाटली हातात दिली, तर तिनं झाकण उघडून वास घेतला. मला म्हनली, 'निम्मं पाणी घातलंय यात. तुकडा सडंल.' आन् तोंड फिरवून निघून गेली. मी म्हटलं, आता ही बाय डॉक्टर का काय?"

बाईंनी वही मिटली. फॉर्मालीन पातळ की दाट, हे वासानं सांगणाऱ्या बायका त्या जिल्ह्यात किती? एक स्वतः दीनाबाई. एक रेचल, जिनं नवऱ्याचे वाफ मुरलेले सदरे पंचवीस वर्षं धुतले. आणि एक...

तिथून त्या वरश्याला, मालूबाईच्या घरी गेल्या. मालूबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात अंगाशी धरलेला, कोपर उचलता येत नव्हतं. अडतीस वर्षांची बाई, साठीची दिसत होती. दीनाबाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सांगताना आवाज हलू दिला नाही.

मालूबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे माझं उगाच कापलं."

"व्हय."

"आन् जिचं हाय, तिला ठावच नाय?"

"नसेल. किंवा असेल."

"मालकांना कुनाला तरी तुरुंगात घालायचंय. मला त्यानं काय मिळायचं?" ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तुम्ही तिला हुडका. आन् सापडली की माझ्याम्होरं आना. मला तिचं तोंड बघायचंय."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत सगळे जमले. बाकड्यावर दिनानाथ, आत डॉक्टर, निसीम, दाराशी केरू. कृष्णाबाई मोरीपाशी उभ्या राहून काचांची चौकट रंगाच्या बरणीत बुचकळत होत्या. हे काम मधेच सोडता येत नाही, रंग बिघडतो.

"तुमचं म्हणणं पुन्हा सांगा, हैबतराव," दीनाबाई म्हणाल्या. "निसीम का?"

"कारण तो नवमी मानत नाही. मानणारा माणूस पूजेतल्या पात्याला हात लावणार नाही."

"तिथेच तुम्ही फसलात. मीही रात्रभर फसले होते." बाई स्टुलावर बसल्या. "मी नवमी मानत नाही. निसीम मानत नाही. आम्हां दोघांपैकी कुणाला चोरून काप काढायचा असता, तर आधी काय केलं असतं? पातं झायलीननं पुसलं असतं. कुंकू, हळद, झेंडू, सगळं. निसीम गेल्या वर्षी पुसून बसला आणि त्यावरून महाभारत झालं. जो मानत नाही, तो पुसतो. पात्यावर फूल आहे तसं ठेवून कोण कापेल? ज्याला कापणं तर भाग आहे, पण देवाला वाहिलेलं पुसायला हात धजत नाही, तो. जो मानतो, आणि मोडतो."

कृष्णाबाई मोजत होत्या. "...पाच, सहा..."

"काप जाडा आहे. निसीमच्या हाताचा नाही. वर्षानुवर्षं बघून शिकलेल्या, पण स्वतः कधी न चालवलेल्या हाताचा आहे. रोह्याला एका बाईनं खोटं नाव सांगून गाठ काढून घेतली आणि बाटलीचा वास घेऊन फॉर्मालीन पातळ आहे म्हणाली. रेचलनं वास ओळखला असता. पण तिच्यासाठी निसीमनं कापलं असतं, आणि ते पुसून, पातळ. मग फॉर्मालीन ओळखणारी, पातं न चालवणारी आणि कुंकू न पुसणारी कोण उरते? दसऱ्यापासून जिला फॉर्मालीनचा कॅन उचलवत नाही, अशी कोण?"

"...नऊ," कृष्णाबाई म्हणाल्या. "दहा."

त्यांनी चौकट वर काढली, निथळू दिली, पुढच्या बरणीत ठेवली. हात पुसले. मग वळल्या.

"मी देवीची क्षमा मागितली होती," त्या म्हणाल्या. "कुंकवाचा भाग सोडून पात्याच्या टोकाकडनं कापलं. फुलाची पाकळी बाजूला सारली. तिचं पीठ राहील, हे ध्यानात आलं नाही. केरूची सायकल वाजली म्हणून घाई केली. पाणी ओतायचं राहिलं."

"काच कुठे आहे?" हैबतरावांनी विचारलं.

"फोडून नदीत टाकली."

"म्हणजे... बघितली नाही?"

"अठरा वर्षं काचा रंगवतेय, डॉक्टर. तुमच्याआधी मीच बघते. बघितली. आहे मला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

तेव्हा कृष्णाबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "सांगून काय होतं? या टेबलावरनं किती चिठ्ठ्या गेल्या, मोजल्यात? मी मोजल्यात. चिठ्ठी निघाली की बाई घरात पाहुणी होते. तिचं ताट वेगळं. नातवाला कुणी मांडीवर देत नाही. मुंबईला नेतात, तिकडनं कोरडी करून आणतात, आणि सगळे वाट बघत बसतात. मला माझं कळायला हवं होतं, दीनाबाई. कागदाला नाही."

"आणि मालूबाई?"

कृष्णाबाईंनी मोरीचा कठडा धरला. "तिच्या काचेत कॅन्सर आहे म्हणाले, तेव्हा वाटलं, तिलाही आहे, मलाही आहे. खोटं कशाला सांगू, जरा सोबत वाटली. मग बादली आली. बावीस काचा मीच रंगवल्या. एकेक रंगवायची आणि उजेडात धरायची. सोळाव्या काचेला कळलं, हा तिचा नव्हताच. तिथनं पुढच्या सहा कशा रंगवल्या, ते माझं मला ठाऊक."

"चार दिवस निसीम घरी बसला होता," दीनाबाई म्हणाल्या.

"रोज सांगायचं म्हणून यायचे."

निसीम वॉटरबाथकडे बघत होता. एका कागदाच्या पुसण्यानं सगळं टळलं असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. हैबतराव उठले. "तिसरा काप वेगळा का बसलाय, एवढं मी स्वतःला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "मी सांगतो दिनानाथांना." आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं बाहेर बाकडं उलटल्याचा आवाज आला.

दीनाबाईंनी कृष्णाबाईंना पडद्यामागे नेलं, डावा हात वर करायला लावला आणि काखेत बोटं घातली. तीन गाठी होत्या. बोराएवढ्या, टणक, एकमेकींना चिकटलेल्या.

"उद्या मुंबई," बाई म्हणाल्या.

"नाही. पोलिसात द्या. तिथे जाईन. मुंबईला नाही."

"पोलिसांचं दिनानाथ बघतील. तुला आधी वरश्याला यायचंय. तिनं तुझं तोंड बघायला मागितलंय."

६

रिक्षा मालूबाईच्या दारात थांबली तेव्हा ती ओटीवर बसलेली होती. दीनाबाई खालीच थांबल्या. कृष्णाबाई पायऱ्या चढल्या आणि पदराची टोकं जोडून, वाकून, तिच्या पायांशी डोकं टेकवायला गेल्या.

"थांब," मालूबाई म्हणाली. "पाया पडू नको. माफी मागशील तर द्यायची नाय मी. आज नाय, मरताना नाय."

कृष्णाबाई तशाच अर्ध्या वाकलेल्या राहिल्या.

"वर बघ. मला तोंड बघू दे."

मालूबाईनं बघितलं. नीट, सावकाश, बाजारात माणूस एखादी वस्तू उलटीपालटी करून बघतो तसं. मग म्हणाली, "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"मुंबईला कधी जायचीस?"

"नाही जात. आता काय उरलंय? काखेत उतरलंय."

मालूबाई उठली. उजवा हात अंगाशी आवळून, भिंतीला टेका देत. दोघी समोरासमोर आल्या. मालूबाईनं डाव्या हातानं कृष्णाबाईचं मनगट धरलं, आणि ते असं धरलं की खाली उभ्या दीनाबाईंना मालूबाईच्या हातातली बांगडी कडाडल्यासारखी ऐकू आली.

"माझं गेलं म्हनून तुझं सापडलं. नायतर तुझं ते कुनी बघितलं असतं? आता तू घरी बसून मेलीस तर माझं फुकट गेलं. समजलं? रोज सकाळी मी अंगावर पानी घेताना बघायचं, आन् म्हनायचं, हे फुकट गेलं. तेवढं मी तुला करू द्यायची नाय. तू जायचंस. कापायचं, जाळायचं, ओकायचं, काय म्हनतील ते करायचं. आन् जगायचं. मला तुझं तोंड आवडलेलं नाय, पन ते मला दर महिन्याला हितं, या ओटीवर दिसलं पायजे."

कृष्णाबाईंचे डोळे भरून आले. इथे फॉर्मालीन नव्हतं.

"आन् आलीस नाय," मालूबाई मनगट सोडत म्हणाली, "तर मी पेणला येईन. चालत."

ती आत गेली. दार लावलं नाही, पण बस असंही म्हणाली नाही.

रिक्षा कुंडलिकेच्या पुलावर आली. कृष्णाबाईंच्या मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते, ते त्या दुसऱ्या हातानं झाकत होत्या. पूल संपता संपता त्यांनी विचारलं, "सकाळची मुंबईची गाडी किती वाजता असते, दीनाबाई?"

बाईंनी वेळ सांगितली.

"मग निसीमला निरोप द्या," कृष्णाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बरणीतला रंग संपत आलाय. आणि उद्यापासून मी नाही."